मध्यस्थ कोणाला म्हणावे?

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातील नवव्या श्लोकात, योगारूढ पुरुषाची बुद्धी ज्यांच्याविषयी सम असावी अशी माणसे भगवंतांनी गणली आहेत. त्या गणनेत मित्र आहे, शत्रू आहे, आप्त आहे, साधू आहे आणि पापीही आहे. यांच्याविषयी मनाचा तोल जाणे स्वाभाविक आहे, हे कोणाही प्रापंचिकाला सांगावे लागत नाही. परंतु त्याच गणनेत उदासीन आणि मध्यस्थ असे दोन शब्द शेजारी शेजारी आले आहेत, आणि भाषांतर करणाऱ्याची लेखणी तेथे अडते. मराठीत आपण या दोघांनाही ‘तटस्थ’ म्हणून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकानेही आपल्या पहिल्या खर्ड्यात तसेच केले होते. पुढे आचार्यांचे भाष्य उघडले तेव्हा आपली चूक ध्यानात आली.

श्रीमच्छंकराचार्यांनी या दोन शब्दांची फोड अगदी मोजक्या पदांत केली आहे. त्यांच्या मते उदासीन तो, जो कोणाचीच बाजू धरीत नाही. आणि मध्यस्थ तो, ज्याला भांडणाऱ्या दोघांचेही बरे व्हावे असे वाटते. दोघांत अंतर केवढे आहे ते पाहावे. पहिल्याचे लक्षण अभावरूप आहे, दुसऱ्याचे भावरूप आहे. उदासीनाजवळ काही नसणे पुरेसे आहे, मध्यस्थाजवळ काही असावे लागते. आपला ‘तटस्थ’ हा शब्द तर आपले रहस्य स्वतःच सांगतो. जो तटावर उभा आहे तो तटस्थ. नदीला पूर आला आहे, दोघेजण एकमेकांना धरून बुडत आहेत, आणि हा काठावर कोरड्या वस्त्रांनी उभा आहे. मध्यस्थाला मात्र मध्ये, म्हणजे पाण्यात, उतरावे लागते.

हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आपलीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. येथे रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या एका मराठी घरातील दोघा भावांत वडिलांच्या पश्चात वाड्याच्या वाटणीवरून वितुष्ट आले. अंगणातून भिंत घालावयाची की नाही, आणि घातल्यास विहीर कोणाकडे राहावी, एवढाच वाद होता. दोघांनीही मला बोलावले, कारण मी कोणाच्याच नात्याचा नव्हतो. मी दोन दिवस दोघांचे शांतपणे ऐकून घेतले, धर्मशास्त्रातील दायविभागाचे चार नियम सांगितले आणि ‘आता तुमचे तुम्ही ठरवावे’ असे म्हणून उठलो. कोणाचाही रोष आपण ओढवून घेतला नाही याचे मनात मोठे समाधान वाटले होते. भिंत उभी राहिली. वडिलांचे वर्षश्राद्ध दोघांनी वेगवेगळे केले. त्यानंतर एकदा थोरल्या भावाच्या पत्नी देवळात भेटल्या असता म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, निकाल आमच्या विरुद्ध दिला असता तरी चालले असते. पण तुम्हाला आमच्यापैकी कोणाचेच काही वाटले नाही.” भाष्यातील दोन शब्दांमधील भेद मला त्या दिवशी प्रथम कळला असे म्हणावयास हरकत नाही.

आता अशी शंका येईल की, हा घरगुती न्याय दोन वैरी राष्ट्रांना कसा लागू पडावा? राजकारणात हितेच्छा कोठून आणावी? कौटिल्याने अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणात राजमंडलाचा विचार करताना ‘मध्यम’ आणि ‘उदासीन’ अशा दोन राजांची लक्षणे दिली आहेत. तेथे मनाचा प्रश्नच नाही, सारा प्रश्न बळाचा आणि भूमीचा आहे. जिंकू इच्छिणारा राजा आणि त्याचा शत्रू या दोघांच्याही सीमेला ज्याचे राज्य लागून आहे, जो दोघांवर अनुग्रह करू शकतो आणि ते एकत्र नसतील तर त्यांना आवरूही शकतो, तो मध्यम. या सर्वांच्या पलीकडे असून सर्वांपेक्षा बलवान असेल तो उदासीन. म्हणजे गीतेतील मध्यस्थ हितेच्छेने ठरतो आणि कौटिल्याचा मध्यम सामर्थ्याने ठरतो. प्रत्यक्ष व्यवहारात या दोहोंपैकी काय चालते, हे शास्त्राने नव्हे तर इतिहासानेच सांगावे. त्यासाठी आम्हा छत्तीसगडवासीयांना फार दूर जावे लागत नाही.

रायपूरच्या पूर्वेकडे सारंगढ आहे. त्या परिसरात अलेक्झांडर इलियट नावाच्या एका इंग्रज वकिलाचे दफन झालेले आहे. १७७८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने त्याला कलकत्त्याहून नागपूरकर मुधोजी भोसल्यांकडे पाठविले होते, आणि नागपुरास पोचण्यापूर्वीच तो वाटेत वारला. त्या काळी हा सर्व प्रदेश नागपूरकरांच्या अमलाखाली होता आणि मुधोजींचे बंधू बिंबाजी रतनपुरास राहून येथील कारभार पाहत असत. पुणे दरबार आणि इंग्रज कंपनी यांच्यात राघोबादादांच्या निमित्ताने १७७५ पासून युद्ध पेटलेले होते. बंगाल आणि दक्षिण यांच्या मधोमध राज्य असल्यामुळे मुधोजी हे कौटिल्याच्या व्याख्येतील अगदी नमुनेदार ‘मध्यम’ होते. दोघांनाही ते हवे होते.

पुढे काय झाले? नाना फडणीसांनी कंपनीविरुद्ध जी जूट बांधली तीत मुधोजी सामील झाले आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी आपला पुत्र चिमणाबापू याला मोठ्या फौजेनिशी कटककडे रवाना केले. परंतु ती फौज बंगालवर चालून गेलीच नाही. तिकडे हेस्टिंग्जशी बोलणी चालूच होती, आणि अखेर कंपनीकडून लक्षावधी रुपये घेऊन फौज परत फिरली. याच हेस्टिंग्जने पुण्याकडे तहाचे बोलणे नेण्याचे काम १७८० मध्ये मुधोजींवर सोपवून पाहिले होते. ते फळास आले नाही यात नवल नाही. मुधोजींना युद्ध नको होते हे खरे, आणि त्यांच्या न लढण्यामुळे बंगालची प्रजा एका स्वारीतून वाचली हेही खरे. कदाचित त्यांचा दोष लोक समजतात तितका मोठा नसेलही. तथापि पुण्याला त्यांचे घेणे ठाऊक झाले होते आणि इंग्रजांना त्यांचे मोल ठाऊक झाले होते. ज्याची किंमत दोन्ही बाजूंना कळली त्याच्या शब्दाला मग किंमत राहत नाही.

याच्या शेजारी महादजी शिंद्यांचे उदाहरण ठेवून पाहावे. महादजी तर तिऱ्हाईतही नव्हते. ते पेशव्यांचे सरदार, वडगावास जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना शरण आणणाऱ्यांत अग्रणी. त्यानंतर त्यांच्यावरही आपत्ती आली. ऑगस्ट १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि दुसऱ्या वर्षी माळव्याच्या मोहिमेत त्यांना मार बसला. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी त्यांनी कर्नल म्यूरशी आपल्यापुरता स्वतंत्र करार केला आणि कंपनी व पुणे दरबार यांच्यात तह घडवून आणण्याचे आपल्या अंगावर घेतले. नानांना हे रुचले नाही. सरदाराने धन्याच्या शत्रूशी परस्पर सलोखा करावा हे कोणत्या मुत्सद्द्याला रुचेल? महादजी निःस्वार्थी होते असे तर मुळीच नाही. उत्तरेत दिल्लीच्या राजकारणाला त्यांना मोकळे हात हवे होते, आणि या सर्व व्यवहारात भडोच त्यांच्या पदरी पडले.

मग १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई येथे त्यांच्या छावणीत जो तह झाला तो टिकला कसा? कंपनीचा वकील डेव्हिड अँडरसन त्या छावणीतच बोलणी करीत होता. सतरा कलमे ठरली. साष्टी इंग्रजांकडे राहावी, पुरंदरच्या तहानंतर त्यांनी घेतलेला वसईसह मुलूख परत करावा, राघोबादादांना दरमहा २५,००० रुपये नेमणूक मिळावी आणि कंपनीने त्यांचा पक्ष सोडावा. या कलमांत विशेष काही नाही, देवघेव प्रत्येक तहात असते. विशेष आहे ते जामिनकीचे कलम. उभय पक्षांनी महादजींना दोघांचेही जामीन म्हणून उभे केले. जो पक्ष करार मोडील त्याच्याविरुद्ध दुसऱ्याच्या बाजूने उभे राहून त्याला ताळ्यावर आणणे हे त्यांच्यावर आले. म्हणजे पेशव्यांचा सरदार प्रसंगी पेशव्यांविरुद्धही उभा राहण्यास बांधला गेला, आणि कंपनीला आपला शत्रू आपला साक्षी म्हणून मान्य करावा लागला.

मुधोजींनी घेतले ते झाकून घेतले आणि आपल्या अंगावर काही घेतले नाही. महादजींनी घेतले ते उघड घेतले आणि मोबदल्यात स्वतःला गुंतविले. हा भेद मला फार मोठा वाटतो. मध्यस्थाला स्वतःचे हित नसावे ही आपली कल्पना ऐकावयास गोड आहे. पण ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही त्याच्या हमीवर कोण विसंबणार? नानांनी शिक्कामोर्तब लांबविले. हैदर अली ७ डिसेंबर १७८२ रोजी वारला, त्यानंतरच, त्या महिन्याच्या उत्तरार्धात, पुण्याची मान्यता मिळाली. पुढे १७८४ मध्ये मंगळुरास कंपनीने टिपूशी परस्पर तह केला तेव्हा मराठ्यांना तो अपमान वाटला. एवढे असूनही मराठे आणि इंग्रज यांच्यात सुमारे वीस वर्षे युद्ध झाले नाही. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस निवर्तले. दोघांचा जामीन राहील असा माणूस त्यांच्यामागे उरला नाही, आणि १८०३ मध्ये पुन्हा युद्ध आले. त्यात नागपूरकरांचे कटकही गेले.

महादजींना दोन्ही पक्षांनी जामीन म्हणून स्वीकारले, कारण त्यांच्या तलवारीला वजन होते. परंतु असे वजन नसताना, केवळ दोघांनी मागितले म्हणून मध्ये उभे राहण्याचा प्रसंग स्वतंत्र भारतावरही आला. कोरियाचे युद्ध २७ जुलै १९५३ रोजी थांबले. पण त्यापूर्वी दीर्घ काळ ते एकाच प्रश्नावर अडून बसले होते. ज्या युद्धकैद्यांना आपल्या देशी परत जावयाचे नाही त्यांचे काय करावे? भारताने १९५२ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघात मांडलेला तोडगा रशिया आणि चीन यांनी प्रथम झिडकारला, आणि पुढे तडजोड झाली ती बहुतांशी त्याच धर्तीवर. पाच राष्ट्रांचे मंडळ नेमले गेले. स्वीडन आणि स्वित्झर्लंड एका बाजूला झुकणारे, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या बाजूला, आणि अध्यक्षस्थानी भारताचे जनरल थिमय्या. कैद्यांच्या रक्षणासाठी जे भारतीय दल गेले त्याचे सेनापती कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात होते.

दक्षिण कोरियाच्या सरकारने या सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने युद्धबंदीच्या पट्ट्यात न्यावे लागले. बावीस हजारांहून अधिक कैदी एका पक्षाकडून आले, साडेतीनशेंहून काही अधिक दुसऱ्याकडून. कैद्यांतच जहाल टोळ्या होत्या. एके दिवशी त्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआड ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून घेऊन आले. ठरलेली मुदत संपली, ज्या परिषदेने अंतिम निर्णय करावयाचा ती भरलीच नाही, आणि कैद्यांचे काय करावे हा पेच एकट्या अध्यक्षांवर येऊन पडला. एक पक्ष म्हणत होता त्यांना मुक्त करा, दुसरा म्हणत होता त्यांना धरून ठेवा आणि समजावणीचे काम पुरे होऊ द्या. थिमय्यांनी दोन्हीही केले नाही. आपल्याला जेवढा अधिकार दिला आहे तेवढाच आपला, असे म्हणून त्यांनी जानेवारी १९५४ मध्ये कैदी ज्यांनी सोपविले होते त्यांच्या हवाली परत केले. दोन्ही पक्ष रागावले. ऐंशीहून अधिक कैदी कोणत्याच बाजूला न जाता आपल्या जवानांबरोबर भारतात आले, हे मात्र सांगितलेच पाहिजे.

दोन्ही पक्ष रागावले, या ठिकाणी थांबून पुन्हा त्या श्लोकाकडे वळावे असे वाटते. मित्र आणि शत्रू यांच्या रांगेत भगवंतांनी मध्यस्थाला का बसविले? त्याच्याविषयी समबुद्धी राखा असे सांगण्याची गरज का पडावी? दोघांचेही भले इच्छिणाऱ्याविषयी कोणाचे मन बिघडेल? तर बिघडते, आणि फार बिघडते. भांडणाऱ्याला आपल्या शत्रूचे भले इच्छिणारा माणूस शत्रूहून अधिक खुपतो. शत्रूचा राग निदान सरळ असतो, मध्यस्थाच्या रागात विश्वासघाताची शंका मिसळलेली असते. गृहस्थाश्रमी वाचकांपैकी ज्यांनी सासू-सुनेत किंवा भावाभावांत पडून पाहिले असेल त्यांना हे भाष्यावाचूनही समजेल.

यावर आणखी एक बळकट शंका आहे. प्रत्यक्ष श्रीकृष्ण हस्तिनापुरास शिष्टाईला गेले ते पांडवांकडून गेले. त्यापूर्वीच आपली सेना दुर्योधनाला आणि आपण स्वतः अर्जुनाला, अशी वाटणी त्यांनी करून टाकली होती. मग त्यांना मध्यस्थ कसे म्हणावे? ते तर एका पक्षाचे दूत ठरतात. याचे उत्तर उद्योगपर्वातच आहे आणि ते भगवंतांच्याच मुखी आहे. विदुराच्या घरी रात्री बोलणे चालले असता विदुराने त्यांना जवळजवळ दोषच दिला, की जे ऐकणार नाहीत हे उघड आहे त्यांच्यात तुम्ही आलातच कशाला? तेव्हा श्रीकृष्णांनी जे सांगितले त्याचा आशय असा, की नातलगांत फूट पडत असताना जो मध्ये पडून सर्व शक्ती लावीत नाही तो मित्र या नावाला पात्र नाही. यश आले नाही तरी प्रयत्नाचे पुण्य बुडत नाही. आणि कृष्ण समर्थ असूनही त्याने आवरले नाही असे उद्या कोणी म्हणू नये. या ठिकाणी मूळ संस्कृतात जो शब्द आहे तो ‘मध्यस्थ’ हाच आहे. म्हणजे पक्ष असणे हे मध्यस्थीच्या आड येत नाही, दुसऱ्या पक्षाचे वाईट इच्छिणे आड येते. आचार्यांची व्याख्या आणि महादजींची जामिनकी या दोहोंनाही येथे आधार मिळतो.

त्याच प्रसंगातील दुसरी गोष्ट आपण नेहमी भक्तीच्या अंगाने ऐकतो. दुर्योधनाने पंचपक्वान्नांचा बेत केला होता. श्रीकृष्ण तेथे जेवले नाहीत आणि विदुराकडे जेवले. कीर्तनात विदुराच्या प्रेमाचा महिमा रंगतो, आणि तो रंगावाच. परंतु दुर्योधनाने कारण विचारले असता भगवंतांनी प्रथम जे उत्तर दिले ते राजनीतीचे आहे: दूताने कार्य सिद्धीस गेल्यावरच सत्कार आणि भोजन घ्यावे. आधी घेतलेले पान मुधोजींना किती महाग पडले ते वर आलेच आहे.

आपले राष्ट्र आज तिसऱ्याची मध्यस्थी नको म्हणते, म्हणून कोणी त्याला अविवेकी ठरवील, तर ते घाईचे होईल. आपण मध्यस्थ पाहिलेले आहेत. सिंधूच्या पाण्याचा करार १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीस झाला. त्यात जागतिक बँकेने वर्षानुवर्षे चिकाटी धरली, वादाचा विषय पाण्यापुरताच ठेवला, पैसा उभा केला आणि करारावर स्वतःही काही कलमांपुरती सही केली. पुढची युद्धे होऊनही तो करार दीर्घ काळ टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित ठेवला. १० जानेवारी १९६६ चा ताश्कंद करार सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीने झाला. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री या नात्याने तेथे होते, आणि त्याच रात्री लालबहादूर शास्त्री गेले. करार करविणाऱ्याने कोणतीही हमी अंगावर घेतली नव्हती, आणि सहा वर्षे होण्याच्या आतच पुन्हा युद्ध झाले. १९७२ च्या सिमला करारापासून दोघांचे प्रश्न दोघांनीच सोडवावे ही आपली भूमिका आहे. ती धरावयाची तर दुसऱ्याचे म्हणणे आपल्याच सभेत प्रामाणिकपणे मांडणारा कोणी तरी आपल्यात असावा लागतो. धृतराष्ट्राच्या सभेत ते काम विदुर करीत असे, आणि त्याचे तेथे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे.

माझ्या हस्तलिखितात ‘उदासीन’ या शब्दासाठी मी आता ‘तटस्थ’ लिहिले आहे. ‘मध्यस्थ’ तसाच ठेवला आहे, कारण मराठीने तो शब्द अद्याप मोडलेला नाही. खाली टीप मात्र द्यावी लागली.

त्या दोघा भावांकडे मी गेल्या कार्तिकात पुन्हा गेलो, आणि या खेपेस कोणी बोलावले नव्हते. दोन्ही घरांत चहा नाकारला, त्यामुळे दोघांनाही थोडे वाईट वाटले. थोरल्याला भीती अशी की धाकटा आपला हिस्सा परक्याला विकील. धाकट्याला खात्री अशी की थोरला पैसे कधीच देणार नाही. अखेर एक कागद झाला: विकावयाचे झाल्यास प्रथम थोरल्याला विचारावे, आणि त्याने वर्षाच्या आत रक्कम न दिल्यास ती उभी करण्याचे माझ्या माथी. घरी हे सांगितले तेव्हा आमच्या मंडळींचा चेहरा उतरला. धाकट्याने सही करताना विचारले, “शास्त्रीजी, तुम्ही नक्की कोणाचे?” मी उत्तर देण्यापूर्वीच थोरला आतून म्हणाला, “तुझेच असणार.” सही मात्र दोघांनीही केली. भिंत अजून तशीच आहे. विहिरीच्या बाजूने तीत एक दार काढावयाचे बोलणे चालू आहे.